खोटं काम

विमल गेल्याचं तिच्या सुनेनं, वैशालीनं, फोनवर सांगितलं तेव्हा मला रडू आलं नाही. सुटली बिचारी, एवढंच मनात आलं. आता महिना उलटलाय आणि राग येतोय... कुणावर, ते कळत नाही.

नाशिकच्या नर्सिंग कॉलेजात आम्ही दोघी शिकवायचो. नव्वदच्या दशकात वृद्धांची शुश्रूषा हा विषय कुणालाच नको असायचा, म्हणून तो विमलच्या गळ्यात पडला. पण तिनं तो जीव लावून शिकवला. वृद्धाश्रमात जाताना मुलींना ताकीद असायची, केळी वाटायला जाऊ नका, त्यांना करायला काम घेऊन जा. दिंडोरीकडची एक भाबडी पोर निवडलेल्या तांदळात अंगणातले खडे कालवून घेऊन आली. एका आजींनी चार खडे वेचले आणि ताट सारलं. "तांदळातला खडा असा नसतो पोरी. मला येड्यात काढू नको." त्या दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत. विमलनं वर्गात सांगितलं, खोटं काम देण्यापेक्षा केळी बरी.

निवृत्तीनंतर तिचं खुब्याचं हाड मोडलं, नजरही गेल्यात जमा झाली. मुलगा ओझरच्या कारखान्यात, सून लाखात एक. विळी, गॅस, झाडांचं पाणी, वैशालीनं सगळं प्रेमानं काढून घेतलं. "आई, तुम्ही आराम करा." भांडायचं तरी कुणाशी? "मी आता फक्त जेवते गं," विमल मला म्हणाली होती. तिचं सुकत जाणं बघून असेल, वैशाली तिला कपड्यांच्या घड्या घालायला देऊ लागली. तिघांच्या घरात कपडे ते किती असणार!

शेवटची भेटले तेव्हा विमल एक टॉवेल बोटांनी चाचपत होती. म्हणाली, "याची घडी मी सकाळीच घातली होती. कपाटातनं काढून, विस्कटून देते ती."

मी उठून वैशालीकडे निघाले, तर विमलनं माझा हात घट्ट धरला. "बोलू नकोस तिला. मला काम दिलं की तिला बरं वाटतं... तिला बरं वाटू देणं, एवढंच माझ्याकडे उरलंय." आणि टॉवेलची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

तेराव्यानंतर गेले, तर वैशाली विमलच्या खोलीत बसली होती. "मावशी, ते कपडे मीच विस्कटायचे. आईंना कधी कळलं नाही, तेवढंच समाधान."

"नाही कळलं," मी म्हटलं.

खुर्चीवर कपड्यांचा ढीग होता. अर्ध्यांच्या घड्या विमलच्या, बाकीचे तसेच. वैशाली तो ढीग कुणाला उचलू देत नाही.