शिवणीत अडकलेलं विवरणपत्र

बँकेच्या खिडकीतल्या मुलीने पासबुक परत सरकवलं आणि म्हणाली, "काका, तुमचं खातं गोठवलंय."

बाइंडर पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांचे पैसे काढायला आला होता. पुठ्ठेवाला तिकडे दुकानाबाहेर टेम्पो चालू ठेवून उभा होता.

"गोठवलंय म्हणजे?"

"म्हणजे पैसे निघणार नाहीत. कर कार्यालयाचा आदेश आलाय. त्यांनाच विचारा."

एवढं बोलून तिने मागच्या माणसाकडे पाहिलं. बाइंडर तिथेच उभा राहिला. आयुष्यात कुणाचं एका पैशाचं देणं न ठेवलेला माणूस तो. त्याला पुठ्ठेवाल्याला रिकाम्या हाताने परत पाठवावं लागलं, आणि तेही सगळ्या गल्लीदेखत.

छापखान्याच्या मागच्या बाजूला त्याचं दोन खोल्यांचं दुकान. शाळांची हजेरीपुस्तकं, वकिलांच्या फायली, ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं, विद्यार्थ्यांचे प्रबंध, जे येईल ते तो शिवायचा, खळ लावायचा, पुठ्ठा चढवायचा. चाळीस वर्षं हेच केलं. गल्ली त्याला 'बाइंडर' म्हणायची आणि बायको खुशीत असली की तीही "काय बाइंडरसाहेब" म्हणायची. वडिलांनी धंद्याबरोबर त्याला एक नियम दिला होता, बांधायला आलेला कागद वाचायचा नाही. वाचत बसलं की हात थांबतो, आणि नको त्या भानगडी कळतात त्या वेगळ्याच. पानांचे आकडे बघायचे, कडा जुळवायच्या आणि सुई घालायची.

घरच्या कागदांनाही हाच न्याय. वर्षभर बिलं, पावत्या, पत्रं टेबलावरच्या ट्रेमध्ये साठायची. वर्ष संपलं की तो अख्खा ढीग उचलायचा, ठोकून सारखा करायचा आणि कापडी कण्याचा जाडजूड खंड बांधून टाकायचा. कण्यावर सोनेरी आकड्यांत वर्ष. असे खंड फळीवर ओळीने उभे होते आणि आलेल्या-गेलेल्याला तो ते दाखवायचा. आत काय आहे हे मात्र त्याला ठाऊक नसायचं. ते बायकोचं खातं. लग्नाआधी ती एका गोदामात हिशेबनीस होती. कराचे हप्ते बाइंडर बँकेत भरून यायचा, आणि वर्षाअखेरीचं विवरणपत्र ती लिहायची. भांडण नाही, तंटा नाही, अशी ती वाटणी होती.

कर कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. बाइंडर धापा टाकत वर पोचला, दीड तास बसला, तेव्हा कुठे त्याचा नंबर लागला.

"तीन वर्षांची विवरणपत्रं आलेली नाहीत," कारकून म्हणाला.

"पण कर भरलाय ना?"

"भरलाय. सगळा आलाय."

"मग पैसे माझेच आहेत हे तुम्हाला कळलं."

"कळलं."

"मग?"

"विवरणपत्र नाही."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते बाइंडरला त्या दिवशी कळलं. पैसे पोचले, वेळेवर पोचले, पूर्ण पोचले. तरी कागद नाही म्हणून दंड, दंड वेळेत भरला नाही म्हणून त्यावर दंड, आणि नोटिसांना उत्तर दिलं नाही म्हणून आणखी दंड. कारकुनाने बेरीज करून कागद फिरवला. आकडा बघून बाइंडरच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचं मोठं कटिंग मशीन विकलं असतं, तर बरोबर तेवढे पैसे आले असते. आणि कारकुनाने पुढे तेच सांगितलं. तीस दिवसांत भरणा नाही, तर दुकानातल्या यंत्रांवर जप्ती. मशीन गेलं की धंदा संपला. हाताने पुस्तकाच्या कडा कापून कुणाचं पोट भरत नाही.

परत येऊन त्याने बायकोवर तोंड सोडलं. ती दुकानात पाटावर बसून छापील तावांच्या घड्या घालत होती.

"तीन वर्षं काय करत होतीस तू? एक कागद पाठवायचा, एक! तेवढंही जमलं नाही?"

"पाठवलंय की हो मी," ती म्हणाली. "दरवर्षी पाठवते."

"मग काय ते खोटं बोलतात?"

तिने पुढचा ताव घेतला, कोपऱ्याला कोपरा लावला आणि नखाने घडी दाबली. ती गप्प बसलीय याचाच त्याला जास्त राग आला. हल्ली ती गिऱ्हाइकाला सुटे पैसेही परत करत नसे. "मला कंटाळा येतो, तुम्हीच द्या," म्हणायची. वयाबरोबर आळस आलाय, असं म्हणून त्याने तेही सोडून दिलं होतं.

मेहुणा धावून आला. धावून येणं हा त्याचा छंदच होता. "दाजी, तुम्ही तिथे एकटे जाऊच नका. दंडमाफी करून देणारी एक बाई आहे. करसल्लागार. पंचवीस वर्षं त्याच कार्यालयात होती."

सल्लागारबाईंचं ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं. खालून यंत्रांची घरघर सतत वर यायची. बाईंनी अर्धी फी आधी घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "आत होते तेव्हा मी असले अर्ज फेटाळायचे. आता लिहिते. त्यामुळे काय चालत नाही ते मला पक्कं ठाऊक आहे. बोला, कारण काय?"

"राहून गेलं."

"हे कारण नाही."

"कर भरलाय, म्हणजे झालं असं वाटलं."

"हे तर मुळीच नाही. काका, कारण सबळ लागतं. आग लागली, पूर आला, घरात मोठं आजारपण होतं, कुणी गेलं?"

"नाही हो. सगळं व्यवस्थित आहे आमचं."

"अर्जासाठी ते वाईट आहे," बाई म्हणाल्या. "बरं, तिन्ही वर्षांचे कागद आणा. मूळ हवेत आणि सुटे."

दुसऱ्या दिवशी बाइंडरने त्यांच्या टेबलावर तीन खंड ठेवले. बाईंनी त्यातला एक उचलून पाहिला, उघडायचा प्रयत्न केला, आणि कपाळाला हात लावला.

"सुटे म्हटलं होतं ना मी?"

"सुटे राहिले की हरवतात."

"आणि असे बांधले की सापडत नाहीत! त्यांना प्रत्येक कागद वेगळा दाखवावा लागतो. शिवण काढा हो काका. जप्तीची तारीख जवळ येतेय."

स्वतःच्या हातची शिवण उसवायची म्हणजे त्याच्या जिवावर आलं. दुपारी जेवण झाल्यावर त्याने पहिला खंड घेतला. पुठ्ठा सोडवला, कापड सोललं, दोरा एकेक टाका करत कापला. दोरा मेणाचा होता आणि हात त्याचाच, त्यामुळे काही केल्या सुटेना. बायको शेजारी पाटावर होती.

"एवढं चांगलं शिवलेलं कशाला उसवताय?"

"सरकारला विचार," तो खेकसला.

मधे एके ठिकाणी जाड काहीतरी लागलं. त्याला आठवलं, तीन वर्षांपूर्वी इथेच सुई अडली होती. तेव्हा त्याने दाभणाने भोक पाडून सुई पुढे काढली होती आणि काय जाड आहे ते पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. ते पाकीट होतं. बंद, तिकीट लावलेलं, वर बायकोच्या अक्षरात कर कार्यालयाचा पत्ता. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, "अहो, हे आजच टपालात टाका." तिने ते त्याच्यासाठी ट्रेमध्ये सगळ्यात वर ठेवलं असणार. त्याने ढीग उचलला असणार, ठोकून सारखा केला असणार आणि आरपार सुई घातली होती. आत विवरणपत्र होतं. एक आकडा खोडलेला नाही, बेरीज चोख, सही तारखेसकट.

बाइंडरने पाकीट बाजूला ठेवलं. बायकोकडे बघायची त्याला लाज वाटली.

मग घाईघाईने त्याने दुसरा खंड उसवला. त्यातही विवरणपत्र होतं, पण पाकीट नव्हतं. एकच बेरीज तिने चार वेळा केली होती आणि चारही वेळा उत्तर वेगळं आलं होतं. कागद खोडाखोडीने फाटायला आला होता. तिसऱ्या खंडात नोटिसांची चार पाकिटं न उघडता तशीच शिवलेली होती, आणि त्यांच्या खाली फॉर्म. नावाच्या रकान्यात तिने माहेरचं आडनाव लिहिलं होतं. पत्त्याच्या जागी माहेरच्या घराचा पत्ता, जे घर विकून तीस वर्षं झाली होती. पुढचे रकाने कोरेच. अगदी खाली, सहीच्या जागेवर, बारीक अक्षरात एकच ओळ होती. "हे मला येत होतं."

म्हणजे तिला कळलं होतं. एकटीलाच कळलं होतं, आणि तिने ते ट्रेमध्ये ठेवून दिलं होतं. त्याने नेहमीप्रमाणे न वाचता बांधलं, वर सोनेरी आकडे छापले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवलं.

"झालं का उसवून?" तिने विचारलं.

"झालं," तो म्हणाला. तो उठून मोरीत गेला आणि नळ सोडून नुसताच उभा राहिला.

पुढचे आठवडे खेटे घालण्यात गेले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, बायकोला घड्याळ काढायला सांगितलं. तिने गोल काढला, आकडे सगळे एका बाजूला काढले, आणि चूक झाल्याचं तिच्याच लक्षात येऊन ती रडली. डॉक्टरांनी दाखला दिला, विस्मरणाचा आजार, किमान दोन वर्षांपासून. सल्लागारबाईंनी अर्ज लिहिला. 'पत्नीची स्मरणशक्ती व आकलनशक्ती क्षीण झाल्याने' हे शब्द बाइंडरला सही करण्याआधी वाचावे लागले. तो म्हणाला, "आकलनशक्ती काढा. तिला कळतं सगळं." बाई म्हणाल्या, "काका, तिला कळत असेल तर दंड माफ होत नाही." त्याने सही केली, पण दोन दिवस तो बाईंशी धड बोलला नाही.

खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज दोनदा परत केला. एकदा शिक्का नाही म्हणून आणि एकदा कागदांना भोकं आहेत म्हणून. "खराब झालेली कागदपत्रं चालत नाहीत," तो म्हणाला. बाइंडर कळवळून म्हणाला, "अहो, ती शिवणीची भोकं आहेत!" शेवटी भोकं शिवणीचीच असल्याचं स्वतंत्र प्रतिज्ञापत्र करावं लागलं, आणि त्यासाठी आणखी एक रांग. ही भोकं कागदाला आहेत की सरकारच्या डोक्याला, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. जप्तीची तारीख बाईंनी कशीबशी पुढे ढकलून घेतली होती, म्हणून त्याने ते गिळलं.

सुनावणीला अधिकाऱ्याने पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"हे कोणी शिवलं?"

"मी."

"बघितलं नाही?"

"आम्ही बांधायला आलेलं वाचत नाही, साहेब."

सल्लागारबाई जोरात खोकल्या, पण बोलून झालं होतं.

निकाल तीन आठवड्यांनी आला. तो ऐकायला बाइंडर बायकोला घेऊनच सल्लागारबाईंच्या ऑफिसात गेला, हल्ली तिला एकटं सोडता येत नव्हतं. ती बाहेरच्या खुर्चीवर झेरॉक्सची घरघर ऐकत बसली. काचेतून ती त्याला दिसत होती.

"दोन वर्षांचा दंड पूर्ण माफ!" बाई म्हणाल्या. "मशीन वाचलं तुमचं. खातं सोमवारी उघडेल."

बाइंडरने हात जोडले. त्याच्या खांद्यावरचं केवढं तरी ओझं उतरलं.

"पहिल्या वर्षाचा मात्र कायम ठेवलाय. ऐका, काय लिहिलंय. 'सदर वर्षी अर्जदाराच्या पत्नीने विवरणपत्र अचूक व परिपूर्ण भरल्याचे दिसते. त्या वेळी त्या पूर्णपणे सक्षम होत्या. ते न पोचण्यास अर्जदाराचा निष्काळजीपणा कारणीभूत आहे.'" बाईंनी कागद खाली ठेवला. "पण आपण हे सोडायचं नाही. अपील करू. मी डॉक्टरांशी बोललेय, आजार त्या वर्षीच सुरू झाला असण्याची शक्यता आहे, एवढं ते लिहून द्यायला तयार आहेत. शक्यता म्हटलं की पुरतं. हाही दंड जाईल."

"तो कागद बघू," बाइंडर म्हणाला.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं, ओळीखाली बोट धरून. गेले तीन महिने जो तो त्याला तिला काय येत नाही ते लिहायला लावत होता, आणि त्याने ते लिहून दिलं होतं, सह्या करून दिलं होतं.

"अपील नको," तो म्हणाला.

"काका, पैसे सोडायचे का उगाच? एका सहीचं काम आहे."

"त्या वर्षी ती बरी होती, बाई. तिने सगळं बरोबर केलं होतं, मी टाकलं नाही. ते वर्ष तरी तिला आजारी करू नका." त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "हप्ते पाडून मिळतात का, तेवढं बघा."