टेंप-दोन या फोल्डरात काय होतं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला आठवत बसावं लागत नाही. मंठा तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मला पहिली ते चौथी शिकवणारे गुरुजी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत गेलं नव्हतं. वडील जालन्याला सळईच्या कारखान्यात कामाला होते, आठ-पंधरा दिवसांनी घरी यायचे. आई दुसऱ्यांच्या वावरात जायची. बारावीनंतर कॉलेजात नाव घालायचं होतं, तेव्हा गुरुजी पहिल्या एसटीनं माझ्यासोबत जालन्याला आले आणि खिडकीसमोरच्या रांगेत दुपारपर्यंत उभे राहिले. जातीच्या दाखल्याची झेरॉक्स घरी राहिली म्हणून मी रडकुंडीला आलो, तर त्यांनी आपल्या पिशवीतून दुसरी काढून दिली. "तू विसरणार हे मला माहीत होतं," एवढंच म्हणाले.

आज मी जालन्यातल्याच एका दुसऱ्या कॉलेजात कॉम्प्युटर विभागात आहे. सर्व्हर सांभाळणं हे माझं काम.

गुरुजींची एक पद्धत होती. आमच्या वस्तीतल्या आईबापांना वाचता येत नव्हतं, त्यामुळं पोरगं खरंच वाचायला शिकलं की नाही हे त्यांना कळायचा मार्ग नव्हता. म्हणून चौथीचं वर्ष संपत आलं की गुरुजी आपला टेपरेकॉर्डर शाळेत आणायचे. एकेका पोराला समोर बसवायचे. त्यानं आधी स्वतःचं नाव, आईचं नाव, बापाचं नाव सांगायचं आणि मग पुस्तकातला कुठलाही एक धडा वाचायचा. नंतर एका संध्याकाळी विहारासमोर सतरंजी टाकून ती कॅसेट सगळ्यांना ऐकवायचे. माझी पाळी आली तेव्हा वडील मुद्दाम सुट्टी काढून आले होते. माझा आवाज सुरू झाला तसे ते शेजाऱ्याला म्हणाले, "आपलाच हाय का हा?" शेजारी म्हणाला, "तुझं नाव घेऊन राह्यलाय, मंग कोणाचा असंल?" लोक हसले. वडील हसले नाहीत, ऐकत राहिले.

दर वर्षाची एक, कधी दोन, अशा गुरुजींकडं चाळीसवर कॅसेट जमल्या होत्या. कागदाच्या पट्टीवर साल लिहिलेल्या, पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना काचबिंदूचा त्रास सुरू झाला आणि पेपर वाचणं बंद झालं. तेव्हा एकदा मला म्हणाले, "ह्या कॅसेट ऐकाव्या म्हणतो, पण मशीन फीत खाऊन टाकतं. तुला काही करता येतं का बघ."

मला फार आनंद झाला. गुरुजींनी माझ्यासाठी इतकं केलं होतं आणि त्यांना माझ्याकडून काही लागण्याची ही पहिलीच वेळ. मी पेटी जालन्याला आणली. जुन्या जालन्यातल्या एका दुरुस्तीवाल्याकडून चालू स्थितीतला टेप मिळवला, तो वायरनं कॉम्प्युटरला जोडला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज कॉलेजात बसून एकेक कॅसेट पूर्ण वाजवून उतरवून घेतली. यात घाई करता येत नाही. तासाची कॅसेट तासभरच चालते. मी प्रत्येक पोराचा आवाज ऐकला.

आता ते सगळं ठेवायचं कुठं, हा प्रश्न होता. माझा लॅपटॉप जुना, त्यात जागा नव्हती. कॉलेजात मात्र एक मोठा सर्व्हर होता आणि त्यावर आम्ही काही व्हर्च्युअल मशीन चालवत होतो. म्हणजे एका घरात भाऊ वेगळे निघावेत, प्रत्येकाची चूल वेगळी व्हावी, पण वरचं छप्पर एकच असावं, तसं. प्रवेशाच्या कामाचं एक मशीन होतं, त्याला बरीच डिस्क दिलेली होती आणि ती अर्धी रिकामी होती. मी आवाजाच्या फायली तिथं ठेवल्या.

विभागप्रमुखांना विचारायला हवं होतं. ते चांगले गृहस्थ आहेत. पण मला मागण्याची सवय नाही. आमच्या घरात दुसऱ्याच्या दारात उभं राहून काही मागणं म्हणजे मान खाली घालणं, हे मी लहानपणापासून बघत आलो. मी मनात म्हणालो, नोकरी लागून तीन वर्षं झाली नाहीत, कॉलेजच्या मशीनवर गावची पोरं आणून ठेवलीत असं व्हायला नको. कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून त्या फोल्डरला मी नाव दिलं टेंप-दोन. टेंप म्हणजे तात्पुरतं, कामापुरतं, केव्हाही फेकून द्यावं असं. अशा नावाचं फोल्डर कोणी उघडत नाही. रोजच्या बॅकअपमध्येही टेंप नावाची फोल्डरं वगळायची, असा नियम होता. तो मीच घातला होता. त्या दिवशी मला तो आठवला नाही.

गुरुजींना फोन करून सांगितलं, "सगळं कॉम्प्युटरमध्ये आलं गुरुजी. आता कॅसेटची काळजी सोडा."

"मंग मला कधी ऐकवतो?"

"नीट लावून देतो. साल, नाव, सगळं. एक बटण दाबलं की एक पोरगं बोलेल असं करून देतो."

तेव्हाच जसं होतं तसं एका पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मला ते छान करून द्यायचं होतं. पेटी परत केली आणि नावं लावायचं काम पुढच्या सुट्टीवर ढकललं.

त्या हिवाळ्यात गुरुजींनी हुरड्याला बोलावलं. त्यांच्या पुतण्याच्या वावरात ज्वारी कणसात आली होती. बांधापासून बांधापर्यंत काठ्या रोवून त्यांना कॅसेटची फीत ताणून बांधली होती. आमच्याकडं पाखरं राखायला हे करतात. वारा आला की फीत घुमते, उन्हात चमकते आणि पाखरं उतरत नाहीत. मी बघतच राहिलो.

"ह्या त्याच का, गुरुजी?"

"त्याच. तू म्हणलास ना, आता गरज न्हाई. मंग पेटीत ठेवून काय करायचं? फुकट गेल्या न्हाईत बघ."

पुतण्या कणीस भाजता भाजता म्हणाला, "तुमच्या गुरुजींनी सगळी शाळाच वावरात कामाला लावली. एक पाखरू बसू देईना."

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. आवाज माझ्याकडं सुखरूप आहेत या भरवशावर हसलो.

सुट्टी आली तशी गेली, नावं लावायचं राहूनच गेलं. पुढच्या जुलैत प्रवेशाचे दिवस होते. बहिणीचा साखरपुडा ठरला होता, म्हणून मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आईबरोबर जुन्या जालन्यात कापड घ्यायला गेलो होतो. दुकानदार साड्यांवर साड्या उलगडत होता, बाहेर ऑटोवाले हॉर्न वाजवत होते, आणि तेवढ्यात विभागातल्या माझ्या सहकाऱ्याचा फोन आला.

"सर, प्रवेशाचं मशीन बंद पडलंय. डिस्क फुल दाखवून राह्यलं. एक फॉर्म सेव्ह होईना."

"बाहेर पोरं किती?"

"लाइन पार गेटपर्यंत आली सर. आज शेवटची तारीख. एक आई तर माझ्यावरच ओरडून राह्यली, बिलकुल ऐकत न्हाई."

शेवटची तारीख आणि लाइन, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. त्या लाइनीत मी उभा राहिलेलो आहे. मी म्हणालो, "टेंपमधलं सगळं उडवा, लगेच जागा होईल."

"टेंप साफ केलं सर, काहीच फरक पडंना. एक टेंप-दोन पण हाय. लई मोठं हाय ते. उडवू का?"

आईनं माझ्या हाताला धरून विचारलं, "हिरवी बघू का ही जांभळी? बोल की."

मी आईला म्हणालो, "हिरवी." आणि फोनवर म्हणालो, "उडवा, जल्दी करा."

दोन मिनिटांनी त्यांचा परत फोन आला, "चालू झालं सर. बराबर चालतंय." मी समाधानानं फोन खिशात ठेवला. साडीचा दर पटला, आईनं पदर दोनदा तपासला, आम्ही ऑटोत बसलो. पुलावर ऑटो अडकला होता. मांडीवर पिशवी, शेजारी आई बोलतेय, आणि तेव्हा टेंप-दोन हा शब्द मला पहिल्यांदा खरा ऐकू आला.

आईला माझ्या जालन्यातल्या खोलीवर सोडून मी कॉलेजात गेलो. लाइन कमी झाली होती, मशीन सुरळीत चालू होतं. मोकळ्या झालेल्या जागेवर दुपारपासून फॉर्म, फोटो, दाखले भरत चालले होते. पुसलेली फाइल तिच्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंतच परत मिळू शकते. प्रवेशाचं काम संपेपर्यंत मला ते मशीन थांबवता आलं नाही. काम संपल्यावर पुसलेल्या फायली परत मिळवायचा प्रोग्राम चालवला. काही तुकडे हाती लागले, पण एकही उघडला नाही.

मग डिस्क भरली कशानं, हे शोधलं. एक प्रोग्राम चुकत होता आणि आपल्या चुकीची एकच ओळ नोंदींच्या फाइलमध्ये पुन्हा पुन्हा लिहीत होता. ती एकच फाइल फुगत फुगत डिस्कभर झाली होती. ती रिकामी करायला एक आज्ञा पुरली असती. गुरुजींच्या फोल्डराला हात लावायची गरजच नव्हती.

विभागप्रमुखांना मी खरं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "अहो, मला विचारलं असतं तर वेगळी डिस्क दिली असती. त्यात काय एवढं?" रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पुतण्यालाही फोन केला. तो म्हणाला, "ती फीत? उन्हाळ्यात काडीकचऱ्यासंगं पेटवली की. काहून?" मी म्हणालो, सहज विचारलं.

मात्र ज्यांना सांगायचं त्यांनाच सांगितलं नाही. गुरुजींचा फोन महिन्यातून एकदा यायचा. डोळ्यांचं सांगायचे, आता माणूस अंगावरच्या कपड्याच्या रंगावरून ओळखतो म्हणायचे. शेवटी, "ते आवाजाचं कुठवर आलं रे? घाई न्हाई." आणि मी म्हणायचो, "होत आलंय गुरुजी, थोडं राहिलंय." चार महिने हे चाललं. चौथ्या वेळी ते म्हणाले, "सून म्हणते, एक चांगला स्पीकर आणू. आणायला सांगू का?"

मी म्हणालो, "थांबा थोडं." फोन ठेवला आणि कागद घेतला. गुरुजींच्या मुलाला मी दादा म्हणतो, सुनेला वहिनी. ते पत्र असं होतं:

गुरुजी,

सप्रेम जय भीम.

हे पत्र वहिनी तुम्हाला वाचून दाखवतील. फोनवर मी चार वेळा खोटं बोललो, पाचव्यांदा बोलू नये म्हणून लिहितो आहे. स्पीकर आणू नका. आवाज राहिले नाहीत. एकाही वर्षाचे राहिले नाहीत.

मशीन बिघडलं असं मी सांगू शकलो असतो आणि तुम्ही विश्वास ठेवला असता. मशीन बिघडलं नव्हतं. त्यातली जागा संपली होती आणि ती लवकर मोकळी करण्यासाठी मी तुमचं फोल्डर उडवायला सांगितलं. माझ्या सहकाऱ्यानं मला विचारलं होतं, उडवू का म्हणून. मी हो म्हणालो. मी त्याला टाकाऊ नाव दिलं होतं, कारण वरिष्ठांकडं जागा मागायला मला लाज वाटली. तुम्ही माझ्यासाठी किती खिडक्यांवर जाऊन मागितलं, ते बघूनही मी हे शिकलो नाही.

तुम्ही कॅसेट देऊन टाकल्या त्या माझ्या शब्दावर. त्यात तुमची चूक नाही. वहिनींनी किंवा दादांनी तसं म्हटलं तर हे पत्र त्यांना दाखवा.

ते आवाज एकट्या तुमचे नव्हते. माझ्या वर्गातल्या दोघांचे वडील आता नाहीत, त्या दोघांना आपण बापाचं नाव घेतलेली ती कॅसेट ऐकायची होती. त्यांनाही मी सांगणार आहे, पण आधी तुम्हाला.

भरपाई करतो असं मी म्हणू शकत नाही. ती पोरं आता चौथीत नाहीत. पण उतरवताना मी प्रत्येक कॅसेट शेवटपर्यंत ऐकली होती. गेले पंधरा दिवस रोज आठवून वहीत लिहितो आहे. कोण कोणत्या शब्दावर अडलं, कोण खोकलं, कोणी बापाचं नाव सांगताना आवाज बारीक केला, तुम्ही मध्येच कोणाला "दम घे" म्हणालात. एकसष्ट पोरं आठवली आहेत. बाकीची आठवत नाहीत. जे आठवत नाही ते मी रचून लिहिलेलं नाही.

मी रविवारी सकाळच्या गाडीनं येतो आहे. ऐकायचं असेल तर वही वाचून दाखवीन. ऐकायचं नसेल किंवा मला भेटायचंच नसेल, तर वहिनींना एक फोन करायला सांगा. मी स्टँडवरूनच परत जाईन आणि तुम्ही म्हणाल तेव्हा पुन्हा येईन.

तुमचा विद्यार्थी