इंटरकूलरला लावलेली मच्छरदाणी

विश्रांतवाडीहून आयटीवाल्या पोरांना कंपनीत नेण्या-आणण्यासाठी मी टर्बो डिझेल गाडी घेतली, तेव्हा वाटलं, आता आपल्याला कोण हरवतं! मोकळ्या रस्त्यावर सुसाट पळायची. पण येरवड्याच्या गर्दीत अर्धा तास सरपटली, की पुढच्या पुलाच्या चढावर तिचा दम निघायचा.

पुढच्या सीटवर नागपूरकडची एक मुलगी बसायची. पहिलीच नोकरी, अजून पक्की व्हायची होती. दोनदा उशीर झाला होता, दोन्ही वेळा माझ्याच गाडीमुळे. तिसऱ्यांदा झाला तर घरी बसा, असं तिला साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण पोरगी मला एका शब्दाने बोलली नाही. चढ आला की इंजिनाला जोर मिळावा म्हणून गुपचूप एसी बंद करायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि राग निघायचा मेकॅनिकवर.

"पंप बघा, टर्बो बघा, काहीतरी बघा हो!"

स्वारगेटजवळ गॅरेज चालवणारे आमचे चाचा बंपरपाशी वाकले. "साहेब, ही मच्छरदाणी कोणी लावली?"

मीच! नव्या गाडीत किडे-चिखल जायला नको म्हणून. तीही दुहेरी, तारेने आवळून. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

"टर्बो हवा दाबतो, दाबली की ती तापते," चाचा म्हणाले. "गरम हवेवर इंजिनाला जोर येत नाही, म्हणून ती गार करतो हा इंटरकूलर. गाडी पळताना त्याला वारा लागतो. गर्दीत आधीच वारा नाही, त्यात तुम्ही त्याचं नाक बांधलंत."

त्यांनी जाळी फेकली, कडेच्या फटी रबराने बुजवल्या म्हणजे वारा बाजूने निसटायला नको, आणि इंटरकूलरमागे हवा ओढणारा छोटा पंखा बसवला.

दुसऱ्याच दिवशी येरवड्यात नेहमीपेक्षा जास्त अडकलो. पंखा घरघरत होता. चढ दिसताच मुलीचा हात एसीकडे गेला.

"राहू दे गं," मी म्हणालो. गिअर टाकला, पाय दिला, आणि अहो, गाडी चढली की! मागची पोरं ओरडली, "काका, एक नंबर!"

कंपनीच्या फाटकाशी पोचलो तेव्हा पाच मिनिटं शिल्लक होती. मुलगी उतरून आत पळाली, दार सताड उघडं टाकून. एरवी असं कोणी केलं तर मी चार शब्द ऐकवतो. त्या दिवशी खाली उतरलो आणि ते हळूच लावलं.