दोरीच्या आतले सर

रेडिएशनला रंग नसतो, वास नसतो, चव नसते. रेडिएशनमुळे आमच्या ऑफिसात जे घडतं त्याला मात्र तिन्ही असतं! आम्ही सगळे छातीवर एक छोटासा बॅज लावून फिरतो. कोणाला किती रेडिएशन लागलं ते त्यात थोडं थोडं साठत जातं, आणि तीन महिन्यांनी बॅज तपासायला पाठवला की आकडा कळतो. किश्श्यांचंही तसंच आहे. लागतात तेव्हा जाणवत नाहीत, साठतात. कधीतरी तपासायला काढावे लागतात.

आधी जागा सांगते. जबलपूरहून पनागरकडे जाताना रस्ता सोडून थोडं आत आमची संशोधन संस्था आहे. मटार, तूर, गहू यांच्या बियाण्यांवर आम्ही गॅमा किरण सोडतो आणि त्यातून एखादं चांगलं वाण हाती लागतं का ते बघतो. किरण सोडणारं मशीन जाड काँक्रीटच्या खोलीत आहे. तिला सगळे ‘कोठी’ म्हणतात. मशीनच्या पोटात किरणोत्सारी धातू असतो, आमच्या बोलीत ‘सोर्स’. हे सगळं सुरक्षित आहे ना, हे बघायची जबाबदारी पिंपळखुटे सरांची. म्हणजे सही सरांची आणि धावपळ माझी!

सर केव्हाच रिटायर झाले, पण एक्स्टेन्शनवर आहेत. डायरेक्टरसाहेबांनी माझं नाव काढलं की सर चष्मा पुसतात आणि म्हणतात, “हुशार आहे. पण अजून लहान आहे पोरगी.”

मी फिजिक्सची एम.एस्सी., त्यावर सेफ्टीचा डिप्लोमा, त्यावर अधिकाऱ्याची परीक्षा पास. तरी लहान! सरांच्या हिशेबानं मी मोठी होईपर्यंत सोर्ससुद्धा थंड होईल.

पहिल्याच दिवशी सर मला कोठीच्या इमारतीच्या दारात घेऊन गेले. तिथे एक मॉनिटर उभा आहे. किरणोत्सारी काही अंगावर घेऊन कोणी आलं, की तो भोंगा वाजवतो.

“हे वाजलं की आत कोणी नाही,” सर म्हणाले. “डायरेक्टर नाही, मंत्री नाही, माझा बाप आला तरी नाही. ध्यानात येऊन राहिलं?”

“आणि तुम्ही आलात तर?”

“मी काहून वाजीन!”

*

एकदा बॅजचे आकडे आले आणि स्टोअरच्या तिवारीजींच्या नावापुढे लाल खूण! तिवारीजी म्हणजे पोती मोजणारा माणूस. कोठीच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. तिच्यासमोरून जायचं झालं तर खिशातला रुमाल डोक्यावर घेतात.

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि चौकशी सुरू केली. कोठीत गेला होतात? नाही. बॅज कोणाला दिला होता? नाही.

“घरी नेला होता?”

तिवारीजी घुटमळले. “दीदी, पोते को नजर बहुत लगती है. आपने ही तो कहा था, ये रेडिएशन का बॅज है, इसके बिना मत घूमो. तो हमारी पंडिताइन ने काले धागे में डालके उसके गले में बाँध दिया.”

“नातवाच्या गळ्यात? मग एवढा डोस आला कुठून?”

“वो गिर गया था ना छत से. छाती का एक्सरे हुआ. डॉक्टर बोले, ताबीज उतारो. हमने कहा, बिल्कुल नहीं!”

मी कपाळाला हात लावला. तिवारीजी उलट खूश. “और देखिए दीदी, एक हड्डी नहीं टूटी!”

*

आमच्याकडे खंडेनवमीला मशीनची पूजा होते. जबलपुरात कारखाने एवढे, की त्या दिवशी अख्ख्या शहरात स्क्रू ड्रायव्हरलासुद्धा हळदकुंकू लागतं. त्याला माझी ना नाही. पण रेडिएशन मोजायच्या मीटरच्या पातळ पडद्यावर, जिथून किरण आत शिरतात नेमकं तिथेच, बोटानं दाबून कुंकू?

“सर, पडदा फाटेल.”

“मशीनलाही मान असतो, अश्विनी. तुम्हा लोकांना बटण दाबण्यापलीकडे काही येत नाही.”

मग सरांनी कोठीच्या उंबऱ्यावर नारळ फोडला. जोरात! दुसऱ्या दिवशी मशीन सुरू होईना. दार पूर्ण लागल्याशिवाय सोर्स वर येत नाही, अशी सोय असते, आणि दार बंद दिसत असून मशीन म्हणत होतं, उघडं आहे. शेवटी कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. टॉर्च घेऊन मी दाराच्या फटीत डोकावले, तर खालच्या स्विचमध्ये काहीतरी पांढरं अडकलेलं.

“मॅडम, क्या फँसा है?”

“नारियल.”

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मला वाटलं, तक्रार लिहून घेतोय.

मग अगदी गंभीर आवाज आला, “गीला या सूखा?”

मी चकित. “इससे क्या फर्क पड़ता है?”

“गीला है तो चिमटी से निकल आएगा. सूखा है तो मुझे आना पड़ेगा. आपके उधर पिछले साल भी आना पड़ा था.”

मी सरांकडे पाहिलं. सर चष्मा पुसत होते.

*

पनागरचे एक पटेल काका बियाणं बघायला आले. आमच्या कोठीतून निघालेल्या मटारची त्यांनी फार चौकशी केली. किरण खाल्लेला मटार रात्री चमकतो का? हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. यावेळी मी ठरवलं, एकदाचं नीट समजवायचं. फळा आणला, खडू आणला. बियाण्यातून किरण आरपार जातात, बियाण्यात राहत नाहीत. टॉर्च मारली म्हणून भिंत टॉर्च होते का? नाही! तसंच हे.

पटेल काका एकाग्र. मध्ये मध्ये मान डोलावत होते. एवढा चांगला विद्यार्थी मला कॉलेजातही मिळाला नसता.

“समझ गए दीदी. बिल्कुल नहीं चमकेगा.”

“बिल्कुल नहीं!”

काकांनी पिशवी उचलली, चेहरा पाडला. “फिर हमारे किस काम का? रात में खेत से चोरी होती है. सोचा था, चोर की बोरी दूर से दिख जाएगी.”

*

नियमाप्रमाणे मॉक ड्रिल करावं लागतं. भोंगा वाजला की सगळ्यांनी कोठीपासून लांब, गेटजवळच्या मैदानात जमायचं. मी आठवडाभर घसा फोडून सांगितलं. जिन्यात बाण लावले.

भोंगा वाजला. मी मैदानात घड्याळ घेऊन उभी. एक माणूस येईना! अकाउंट्स नाही, स्टोअर नाही, लायब्ररी नाही. धावत परत गेले तर सगळी वडीलधारी मंडळी कोठीच्या इमारतीत, भिंतीला पाठ लावून ओळीत उभी. तिवारीजींच्या हातात समोसा.

“इथे काय करताय? धोका इथेच आहे असं धरायचं होतं!”

“दीदी,” तिवारीजी मला समजावत म्हणाले, “पूरे कॅम्पस में इससे मोटी दीवार और किसकी है?”

*

मागच्या वर्षी मुंबईहून इन्स्पेक्शनला एक मॅडम आल्या. हसायचं नाही, चहा घ्यायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत, असा सगळा कारभार. लॅबमध्ये खाणंपिणं सक्त मना असतं. तसा बोर्डही आहे, सरांच्याच अक्षरातला. बोर्डाखाली सरांचं टेबल, आणि सर रोज तिथेच जेवतात!

मॅडम मीटर घेऊन टेबलापाशी आल्या आणि मीटर टिकटिकायला लागलं. फार नाही, पण लागलं. मॅडमनी खालचा ड्रॉवर उघडला. आत डबा. डब्यात भाकरी, वांग्याची भाजी आणि एक छोटी बाटली. मीटर बाटलीपाशी नेलं की टिकटिक वाढायची.

“हे काय आहे?” मॅडम.

“मीठ,” सर.

ते खरंच मीठ होतं. सरांचं बीपी वाढलं तेव्हापासून सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, कमी सोडियमचं मीठ सुरू केलं होतं. त्यात पोटॅशियम असतं, आणि पोटॅशियम निसर्गतःच किंचित किरणोत्सारी असतं. खायला काही धोका नाही, पण चांगल्या मीटरला ते कळतं. मी घाईघाईनं हे सगळं सांगितलं.

“मिठाचं राहू द्या,” मॅडम म्हणाल्या. “लॅबमध्ये जेवण कसं?”

“नियम खाण्यावर आहे,” सर ताठ मानेनं म्हणाले. “मी आत्ता कुठे खाऊन राहिलो?”

मी म्हणाले, “सर, चूक आहे.” सर म्हणाले, “तू थांब.” मी म्हणाले, “नाही थांबणार!” मॅडम एकदा माझ्याकडे, एकदा सरांकडे बघत होत्या. मग त्यांनी बॅग बंद केली.

“इथे शेवटचा शब्द कोणाचा, ते आधी ठरवा. पुढच्या वर्षी मला एकच माणूस दिसला पाहिजे. नाहीतर कोठीला सील लावून जाईन.”

*

पुढचं वर्ष आलं. कोठीत मटारच्या बियाण्याची नवी खेप तयार होती. सील लागलं असतं तर हंगाम गेला असता आणि सोबत माझी खुर्चीही. सर अजून एक्स्टेन्शनवर आणि मी अजून लहान!

त्यात सर दोन दिवस रजेवर नागपूरला गेले, चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला. इन्स्पेक्शनच्या सकाळी परत आले, पण मुख्य दारातून नाही. बियाण्याच्या गोडाऊनमधून, पोत्यांवरून पाय टाकत! वर मॅडमशी बोलायचं तर लांबून, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकावरून, ओरडून. मी एक पाऊल जवळ गेले की सर दोन पावलं मागे. मला वाटलं, रुसलेत.

कोठी बघून झाली. सगळं ठीक. आम्ही व्हरांड्यात आलो तेवढ्यात मॅडमच्या हातातलं मीटर टिकटिकलं. मिठासारखं नाही. जोरात!

सोर्स बाहेर? आत धावले. सोर्स जागेवर. कपाटातले छोटे सोर्सही जागेवर. परत आले तर मीटर गप्प. सर पाणी प्यायला गेले होते. सर आले. टिकटिक सुरू!

मी मीटर घेतलं आणि सरांकडे चालायला लागले.

“मीटर खराब आहे,” सर मागे सरकत म्हणाले.

“सर, थांबा.”

“सेल बदल त्याचे.”

“सर, उभे राहा!”

सरांच्या छातीपाशी मीटर नेलं, तर त्यानं किंकाळीच फोडली.

“काय केलंत?” मी हळूच विचारलं.

“थॅलियम,” सर त्याहून हळू म्हणाले. “नागपूरला टोचलं. हृदयाची टेस्ट. तशी ठीक आली. पण काकूला नको सांगू. जीव सोडून देईल ती.”

म्हणजे लग्न हे होतं! आणि गोडाऊनची वाट दारातला भोंगा चुकवायला! टेस्टसाठी किरणोत्सारी औषध टोचतात. काही दिवसांत ते उतरतं, जवळ उभं राहणाऱ्याला त्याचा त्रास नाही. पण असा माणूस आमच्या इमारतीत आला की सगळी मापं चुकतात, म्हणून त्याला आत मनाई. हे मला सरांनीच शिकवलेलं.

मॅडम हाताची घडी घालून बघत होत्या. तिवारीजी बघत होते.

“सर,” मी म्हणाले, “बाहेर.”

“मी?”

“तुमचा बाप आला तरी नाही, असं म्हणाला होतात.”

सरांनी चष्मा पुसला. मग सर पायऱ्या उतरले. कडुनिंबाखाली मी खुर्ची ठेवली, भोवती पिवळी दोरी बांधली, धोक्याचा बोर्ड लावला. नियम म्हणजे नियम!

“बोर्ड तिरपा लावून राहिली,” दोरीच्या आतून सरांचा आवाज आला.

मॅडम खाली आल्या. “पिंपळखुटे, मग यंदा इथला इन्चार्ज कोण समजायचा?”

“काहून, दिसत नाही?” सरांनी बोट केलं. “ती. मी तर सोर्स आहे!”

मॅडम हसल्या. खरंच हसल्या! वर तिवारीजींना म्हणाल्या, “चहा मिळेल का?”

तेवढ्यात गेटातून ऑटो आली आणि काकू उतरल्या. सर सकाळी घरी डबा विसरून आले होते. काकूंनी दोरी पाहिली, बोर्ड पाहिला, मधोमध बसलेले सर पाहिले.

“काय झालं गं यांना?”

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना मोठी दिसत असणार.

“काही नाही काकू,” मी म्हणाले. “प्रात्यक्षिक आहे. सर नमुना म्हणून बसलेत.”

“बसू दे. घरीही तेच करून राहिले ते.” काकू दोरी उचलायला वाकल्या.

“काकू, आत नका जाऊ!”

“काहून? लग्न झालं तेव्हापासून याच दोरीत आहे मी.”

तरी त्या थांबल्या. डबा जमिनीवर ठेवला आणि छत्रीच्या दांड्यानं ढकलत ढकलत सरांच्या पायापर्यंत नेला. मग पदर सारखा केला आणि मॅडमकडे वळल्या.

“मॅडम, तुमचं इन्स्पेक्शन झालं की यांना माझ्याकडून एवढं विचारून घ्या, लग्नात जेवायला काय होतं. यांच्या पिशवीत पावती सापडली, पण हृदयाच्या दवाखान्यात मांडव पडलेला मी तरी पहिल्यांदाच ऐकून राहिली!”