दुबईच्या वाटेवर आर्वी

मी पहिल्यांदा दुबईला निघालो तेव्हा गावानं माझा सत्कार केला. दुसऱ्यांदा खरोखर परदेशी गेलो तेव्हा कोणाचा विश्वासच बसला नाही. यात गावाची काही चूक नव्हती.

गाव नाचणगाव. पुलगावला लागूनच, मधलं अंतर सायकलवर बोलता बोलता संपतं. वर्ध्याला आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड करून मी पुलगावात एका रिवाइंडिंगच्या दुकानात लागलो होतो. जळालेल्या विजेच्या मोटारींना नव्यानं तांब्याची तार गुंडाळायची, हे काम. उन्हाळ्यात त्याच्या जोडीला कूलरदुरुस्ती. आमच्याकडे मे महिन्यात कूलर बंद पडला की घरातली माणसं एकमेकांशी धड बोलत नाहीत, त्यामुळे कूलरवाल्याला मान असतो. त्या मानाचा मी चुकीचा अर्थ काढला. मला वाटू लागलं, आपली विद्या वाळवंटात जास्त शोभेल.

ऐंशीनंतरची ती वर्षं होती. कोणाचा तरी मेहुणा आखातातून टेपरेकॉर्डर घेऊन यायचा आणि आठ-पंधरा दिवस सगळी गल्ली त्याच्या ओट्यावर बसायची. मीही बसायचो. अशाच एका ओट्यावर मला नागपूरच्या एजंटाचा पत्ता मिळाला.

एजंट एका लॉजच्या वरच्या मजल्यावर बसायचा. सफारी सूट, बोटात अंगठ्या, मागच्या भिंतीवर उंटाचं कॅलेंडर. त्यानं विचारलं, "एसी का काम आता है?"

मी म्हणालो, "कूलर का आता है."

"एक ही बात है," तो म्हणाला.

मला हे इतकं पटलं की पुढचं काही विचारायचं राहूनच गेलं. दुबईत एसी मेकॅनिकची नोकरी पक्की झाली. पासपोर्ट घेऊन मुंबईच्या ऑफिसात यायचं, पैसे तिथंच भरायचे आणि तिथूनच विमानात बसायचं.

मी ही बातमी फक्त आईला सांगितली. तेवढं पुरेसं होतं.

सत्कार शाळेच्या पटांगणात झाला. आमचे सरपंच धिप्पाड होते आणि त्यांना भाषणाची मनापासून आवड होती, पण गावात भाषण करण्यासारखं फारसं काही घडत नसे. त्या दिवशी त्यांनी हौस भागवून घेतली. मी म्हणजे तालुक्याचा दिवा, असं काहीतरी ते म्हणाले. मग मी बोललो. इथं मात्र मी गप्प राहायला हवं होतं. मी म्हणालो की कितीही मोठा झालो तरी या मातीला विसरणार नाही. तेव्हा मी वर्धा-नागपूरच्या पलीकडे कधी गेलेलो नव्हतो. नंतर बायामाणसं भोवती जमली. कोणाला टॉर्च पाहिजे होती, कोणाला अत्तर, एका म्हातारीला खजूर. मी सगळ्यांना होकार दिला, हात वर करून, आशीर्वाद दिल्यासारखा. वाळवंटातल्या वाळूसाठी म्हणून वर्ध्याहून काळा चष्मा आणला होता, तो पुलगावच्या फलाटावरच लावला. त्यामुळे निरोप द्यायला आलेले अर्धे लोक मला नीट दिसले नाहीत.

मुंबईत ऑफिसच्या दाराला सील होतं. जिन्यात माझ्यासारखेच बरेच जण पेट्या घेऊन बसले होते. दारापाशी एक हवालदार स्टुलावर होता. तो कंटाळल्या आवाजात प्रत्येकाला तेच सांगत होता, "लायसन नव्हतं त्याच्याकडे. पळून गेला. घरी जा."

मी पुढे होऊन विचारलं, "मग आमचं विमान?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "विमान उडेल की," तो म्हणाला. "तुम्ही नाही उडणार."

माझे पैसे वाचले ते माझ्या हुशारीनं नव्हे. आदल्या दिवशी कोणीतरी तक्रार केली म्हणून. जिन्यातल्या नांदेडच्या एका माणसानं मात्र आगाऊ दिले होते. तो एकटक सीलकडे बघत होता.  मी पेटी उचलली आणि स्टेशनवर आलो.

परतीच्या गाडीत खरी अडचण लक्षात आली. मुंबईकडून येताना आधी पुलगाव लागतं, मग वर्धा. पुलगावच्या फलाटावरचा चहावाला मला लहानपणापासून ओळखत होता. गाडी धामणगाव सोडून निघाली तसा मी वरच्या बर्थवर चढलो, चादर डोक्यावरून घेतली आणि ताप आल्यासारखा पडून राहिलो. खालून "चाय, चाय" आवाज येत होता, तो त्याचाच. वर्ध्याला उतरलो आणि आर्वीची बस धरली. आर्वीला ताई दिली होती.

ताईनं दार उघडलं. पेटी पाहिली, मला पाहिलं. "काऊन रे," ती म्हणाली, "दुबई इतकी जवळ हाये काय?"

ठरवलं होतं दोन दिवस राहायचं, घरी काय सांगायचं त्याचा विचार करायचा आणि जायचं. विचार काही होईना. उन्हाळा भरात होता. ताईच्या शेजाऱ्यांचा कूलर बिघडला, मी केला. मग त्यांच्या शेजाऱ्यांचा. बघता बघता आर्वीत माझा जम बसला. गावी मात्र मी दुबईत होतो.

भाऊजी तहसील कचेरीत कारकून होते. बोलणं कमी, कागदावर श्रद्धा फार. एका संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं.

"त्या एजंटाला लायसन्सचं विचारलं होतं?"

"नाही."

"करार वाचला होता?"

"इंग्रजीत होता."

"मग पाहिलं काय?"

मी खरं ते सांगितलं. "कॅलेंडर."

भाऊजी हसले नाहीत. त्यांनी मुंबईच्या सरकारी कार्यालयाला पत्र लिहिलं, परदेशी नोकरी देणारे नोंदणी असलेले एजंट कोणते ते कळवावं म्हणून. सरकारला असं विचारता येतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी सरळ ओट्यावर विचारलं होतं.

उत्तर यायच्या आधीच आर्वीत एक मोठं लग्न निघालं. वऱ्हाड एका शाळेत उतरवलं होतं आणि तिथला कूलर चालत नव्हता, म्हणून मला बोलावणं आलं. मी पान्हे घेऊन गेलो. आत गादीवर एक धिप्पाड गृहस्थ बनियनवर पडले होते आणि हातरुमालानं वारा घेत होते. मी वाकून पंप सोडवायला लागलो. मागून आवाज आला.

"अबे, तू दुबईले गेलता ना?"

आमचे सरपंच. त्यांना मुलाकडच्या नात्यानं बोलावणं होतं.

"गेलतो," मी म्हणालो.

"मंग?"

"आलो."

 भाषणातला दिवा त्यांना आठवत असावा. मग कपाळावरचा घाम पुसत ते म्हणाले, "पहिले कूलर सुरू कर. मंग बोलू."

पंप जाम झाला होता, तो मोकळा केला. पाणी जाळीतल्या खसच्या गवतावरून उतरलं, गार वारा सुटला, तसे सरपंच जरा मवाळले. मी जे झालं ते सांगितलं.  शेवटी ते म्हणाले, "उद्या मी वापस जाऊन राह्यलो. तू बी चाल. तुयी माय पोस्टमनले रोज चहा पाजून राह्यली."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर एसटीनं गावी आलो. आईनं माझ्या न आलेल्या पत्रांतली खबर गावभर सांगून ठेवली होती. तिकडे उकाडा आहे, पण वर्ध्यासारखा नाही. जेवण बरं आहे, भाकर मिळत नाही. मला दारात पाहून ती रडली नाही. शेजारीण ओट्यावर उभी होती, तिला ऐकू जाईल अशा आवाजात आई म्हणाली, "सुट्टी लवकर भेटली वाटते." रात्री जेवताना बाबा एवढंच म्हणाले, "आता कोठं जाशीन त पहिले जावयाले कागद दाखवजो."

सरकारी उत्तर आलं. त्यातल्या एका एजंटाची जाहिरात पुढे पेपरात दिसली, नोंदणी क्रमांकासकट. भाऊजींनी क्रमांक जुळवून पाहिला, एकदा, मग चष्मा पुसून पुन्हा, आणि कचेरीतून रजा घेऊन माझ्याबरोबर मुंबईला आले.

तिथं कामाची परीक्षा होती. मी एसी मेकॅनिक म्हणूनच नाव दिलं होतं, सवय जात नाही. टेबलावर एक बंद पडलेला एसी ठेवला होता. मी त्याची जाळी काढली, आत पाहिलं, मागून पाहिलं. परीक्षा घेणारा इंजिनीअर केरळचा होता. त्यानं विचारलं, "क्या ढूंढ रहे हो?"

"पानी किधर डालने का?" मी विचारलं.

तो इतका हसला की त्याला खुर्चीत बसावं लागलं. बाहेरचे उमेदवारही दारातून डोकावले. मी जाळी परत बसवली आणि निघालो, तेव्हा त्यानं हाक मारली. "इसके पहले क्या करते थे?" मी मोटारींचं सांगितलं. कोपऱ्यात एक जळालेली मोटार पडली होती, ती त्यानं पुढे सरकवली. ते काम मला येत होतं. जुनी तार कापून काढली, वेढे मोजले, नवी भरायला बसलो. अर्धी झाल्यावर तो म्हणाला, "बस." मस्कतच्या एका कारखान्यात वाइंडर म्हणून माझं नाव लागलं.

करार मी वाचला नाही, भाऊजींनी वाचला. काम किती तास, राहायची सोय कोणाची, आजारी पडलो तर कोण बघणार, परतीचं तिकीट कोण देणार. एजंटाच्या ऑफिसातला माणूस शेवटी थकून म्हणाला, "साहेब, आप जा रहे हैं या ये?" भाऊजी म्हणाले, "जा तो ये रहा है. इसीलिए तो पूछ रहा हूँ."

या वेळी सत्कार झाला नाही. मी कोणाला सांगितलंही नाही. मस्कतहून पहिलं पत्र गेलं तेव्हा गावात दोन तट पडले. काहींचं म्हणणं, पोरगा पोचला. बाकीच्यांचं म्हणणं, आर्वीतच असेल. सरपंचांनी एकदा आर्वीला कामाचं निमित्त काढून ताईकडे चहा घेतला आणि हात धुवायचं म्हणून मागच्या अंगणापर्यंत जाऊन आले. हे ताईनं मला नंतर कळवलं.

मस्कतला पहिल्या दिवशी मला भीती वाटत होती. शेड मोठी, भाषा चार प्रकारच्या, आणि सगळे माझ्यापेक्षा हुशार दिसत होते. फोरमननं एक मोटार दिली. ती आमच्या दुकानातल्या मोटारींपेक्षा बरीच मोठी होती. उघडली. आत तांब्याचीच तार, तशीच काळी पडलेली, तोच जळका वास. मी बाह्या वर केल्या आणि कामाला लागलो. दुपारी शेजारच्या बाकावरच्या मल्याळी माणसानं डब्यातला भात माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, कुठला आहेस. मी म्हणालो, वर्धा. त्याला ठाऊक नव्हतं. मग मी त्याला रेल्वेचा रस्ता समजावून सांगितला, मधली स्टेशनं एकेक करून, आणि त्यानं जेवण होईपर्यंत सगळं ऐकून घेतलं.