हाराचं एक टोक

सकाळी माझी बायको देवाचा कालचा हार घेऊन बसली होती. एका टोकाची गाठ सोडून ती झेंडूची फुलं एकेक करून ओढत होती.

"मधूनच तोड की," मी म्हणालो.

"मग दोरा वाया जातो. तुम्हाला कसली घाई, रिटायर माणसाला?"

आमच्या प्रयोगशाळेतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असंच काम करायचं. प्रथिनाच्या साखळीचा टोकाचा मणी तोडायचं, मग त्याच्या पुढचा. मध्येच शिरणं त्याला जमत नसे. कुठला मणी आधी सुटला हे कळायला दर पाच मिनिटांनी नमुना काढावा लागे. एकदा माझी पाळी असताना मी चहाला रेंगाळलो. परत येऊन राहिलेले नमुने एकदमच काढले आणि वहीत वेळा मात्र पाच-पाच मिनिटांच्या लिहिल्या. त्या वहीवर विसंबून माझ्या सहकारी मालतीबाईंनी लावलेला मण्यांचा क्रम चुकला. साहेबांनी त्यांना कामावरून काढलं. मी गप्प राहिलो.

दर दिवाळीला मी त्यांना फोन करतो. गुडघे, नातवंडं, हवापाणी. त्यापुढे जीभ सरकत नाही.

आज दिवाळी नव्हती, तरी फोन लावला. कशा आहात, हे विचारलंच नाही.

"मालतीबाई, त्या दिवशी मी चहाला गेलो होतो."

फोन त्यांनी ठेवला नाही, आणि मलाही ठेवता येईना.