परांड्याची रेघ

उमरग्याला बाईंकडं कामाला लागले, तेव्हा शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुझ्या आधी तिघी आल्या आन गेल्या. बाई परीक्षा घेतेत बरं." बाई इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. मी सातवीतून शाळा सुटलेली, पार भंडाऱ्याकडची. राहायला खोली त्यांनीच दिली, माझ्या लेकीला इथल्या शाळेत त्यांनीच घातलं. उपकार आठवले की हात जोडावेसे वाटायचे, आणि लगेच वाटायचं, एवढं कोण कशाला करतं? इथून काढलं तर लेकीचीही शाळा सुटणार होती.

बाईंचा हात कापायचा. म्हणून शाळेतल्या प्रदर्शनासाठी जुने नकाशे खिडकीच्या काचेवर धरून बटर पेपरवर उतरवायचं काम माझ्याकडं आलं. एका नकाशात परांड्याचा किल्ला निजामशाहीच्या पिवळ्यात होता. दुसऱ्यात रेघ सरकून तोच परांडा आदिलशाहीच्या हिरव्यात. मी थबकले. हे मुद्दाम ठेवलंय, मला पकडायला.

रेघ सरकली म्हणजे कुणीतरी लबाडी केली, एवढंच मला ठाऊक. आमच्याकडं शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. शेजारी दरवर्षी नांगरताना टीचभर धुरा कोरायचा. त्या भांडणात बाबांच्या कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या, शेतात आई एकटी पडली, आणि माझं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच.

तर मी लबाडी दुरुस्त केली. दुसऱ्या नकाशाची रेघ पहिल्यासारखी ओढली, परांडा पिवळा केला, वरून स्केचपेननं पक्कंही केलं.

बाईंनी कागद उजेडात धरला. "परांडा इकडं कुणी आणला?"

"मी जी. चूक होती. तुम्ही मला तपासायलाच ठेवली होती ना?"

"अगं, चूक कसली! ह्या दोन नकाशांच्या मधल्या वर्षांत किल्ला गेला की निजामशाहीच्या हातातून. आन तू बसल्या जागी परत देऊन टाकलास. त्यांच्या फौजेला न्हाय जमलं ते!" हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. हसत हसतही माणसाला काढून टाकता येतं, हे मी पाहिलेलं होतं.

"मला काढणार का जी?"

"आधी विचारलं का न्हाईस?"

"विचारलं की समोरच्याला कळतं, हिला काही येत नाही म्हणून."

बाईंनी कपाटातून नवा बटर पेपर काढला, माझ्या हातातलं स्केचपेन घेतलं आणि पेन्सिल दिली. "आधी पेन्सिलनं. मला दाखवायचं. मग रंग."

म्हणजे विश्वास नव्हता, पण काम होतं. मला उलट बरंच वाटलं. न मागता मिळालेल्या विश्वासाची मला जास्त भीती वाटते.

तो नकाशा पुन्हा काढला, त्यांना दाखवला. पुढच्यात परांडा मुघलांच्या रंगात. पेन्सिल टेकवायच्या आधी मी बराच वेळ त्या रेघेकडं बघत राहिले. शेवटी म्हटलं, "बाई, हा आता तिसऱ्याकडं कसा गेला जी?"

बाईंनी खुर्ची खिडकीजवळ ओढली.